न मागितलेले भाषांतर

दिवेलागण झाली, की बडोद्याच्या दांडिया बाजारातील त्या घरात आधी देवापुढे समई लागे आणि मग आजींच्या खोलीतला टीव्ही. गायकवाडांच्या राजवटीपासून या भागात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. रस्त्यावर गुजराती, घरात मराठी, आणि ओट्यावर दोहोंची सरमिसळ, असा तेथील रोजचा व्यवहार. या साऱ्या बोलण्यात आजींचा एके काळी मोठा सहभाग असे. पण वयाच्या ऐंशीनंतर त्यांचे कान हळूहळू मंदावले. कर्णयंत्र लावले, तरी आवाज येई आणि शब्द हरवत. चार माणसे हसली की त्याही हसत. कशाला हसलो हे मात्र विचारीत नसत.

टीव्हीवर त्यांना एकच गोष्ट पाहायची होती. २०१२ सालच्या गणेशोत्सवात तेथील हौशी मंडळींनी एक तीन अंकी नाटक बसवले होते. त्यात आजोबांनी वकिलाची भूमिका केली आणि तीच त्यांची अखेरची भूमिका ठरली. त्या रात्री विंगेत प्रॉम्प्टिंगला आजीच बसल्या होत्या. मांडीवर संहितेची वही, नजर रंगमंचावर. कोणी अडखळला की हलक्या आवाजात पुढचा शब्द पुरवायचा, आणि प्रेक्षकांना मात्र त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे काम त्यांनी त्या मंडळात अनेक वर्षे केले होते.

नाटकाचे चित्रण घरच्याच एचडी कॅमेऱ्याने झाले होते. ते नातीच्या संगणकात सुरक्षित होते. घरातील एक जुना, दोन गाभ्यांच्या प्रोसेसरचा संगणक तिने कपाटाशेजारी बसवला होता आणि त्यावर जेलीफिन नावाचे मुक्त सॉफ्टवेअर चालू केले होते. घरातील चित्रपट, गाणी आणि कौटुंबिक चित्रणे एका जागी ठेवून ती घरातल्या कोणत्याही पडद्यावर पोहोचवणे, हे अशा सॉफ्टवेअरचे काम. एम्बी नावाच्या प्रकल्पातून २०१८ साली फुटून निघालेली ही शाखा स्वयंसेवकांच्या बळावर वाढली आहे. आजींच्या टीव्हीवर त्याचेच ॲप होते.

आजींना शब्द ऐकू येत नाहीत, तर ते त्यांना वाचता यावेत, असे नातीच्या मनात आले. नाटकाची छापील संहिता समोर ठेवून तिने तीन आठवडे रोज रात्री संवाद टंकलिखित केले आणि प्रत्येक ओळ चित्रणातल्या वेळेशी जुळवली. कोण बोलते आहे हे आजींना चटकन कळावे, म्हणून प्रत्येक पात्राच्या सबटायटलला तिने वेगळा रंग दिला. वकिलाच्या ओळी पिवळ्या, सुनेच्या हिरव्या, नोकराच्या निळ्या. तिच्या संगणकावर सारे सुरेख दिसत होते. आता टीव्हीवर पहिला प्रयोग व्हायचा होता. त्या संध्याकाळी सारे घर आजींच्या खोलीत जमले.

पडदा वर गेला. आजोबा रंगमंचावर आले. एक वाक्य झाले, दुसरे अर्धे झाले आणि चित्र थिजले. पडद्याच्या मधोमध एक चक्र फिरू लागले. थोड्या वेळाने चित्र चालू झाले, पुन्हा थांबले. आजोबांचा उचललेला हात हवेतच राहिला. अर्ध्या तासात पाच-सहा मिनिटांचेही नाटक धड पाहता आले नाही. आजी नातीकडे पाहून म्हणाल्या, “राहू दे गं. मला पाठच आहे ते.”

काही बिघडले, की घरातला प्रत्येक जण आपापल्या ओळखीच्या गोष्टीवर संशय घेतो. मुलगा म्हणाला, “नेट स्लो असणार.” दुसऱ्याच दिवशी त्याने इंटरनेटची अधिक वेगाची, अर्थातच अधिक पैशांची योजना घेतली. नाटक पूर्वीसारखेच अडखळले. त्यात आश्चर्य नव्हते. कपाटाशेजारच्या संगणकातून निघालेले चित्र राउटरमार्गे त्याच घरातल्या टीव्हीकडे जात होते. बाहेरच्या इंटरनेटशी त्याचा संबंधच नव्हता. घरच्या विहिरीचे पाणी माजघरात पोहोचत नाही, म्हणून नगरपालिकेच्या नळाला बोल लावण्यासारखे ते होते. सुनेला वाय-फायची शंका आली. नातीने राउटरपासून टीव्हीपर्यंत तार ओढली. तरीही फरक पडला नाही. मग टीव्हीच जुना झाला, असा निकाल निघाला. पण त्याच टीव्हीवर त्याच संगणकातले चित्रपट विनातक्रार चालत होते.

खरी खूण दिली ती एका आवाजाने. नाटक सुरू झाले, की संगणकाचा पंखा घरघरू लागे. चित्रपट लावला, की तो शांत होई. नातीच्या मनात प्रश्न आला: हा संगणक तर नुसती फाइल उचलून पुढे देतो. मग त्याला एवढी धाप का लागावी?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी चित्रफीत म्हणजे काय, हे थोडे पाहावे लागते. एचडी चित्राची एक चौकट म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. अशा २५ चौकटी एका सेकंदात सरकतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सविस्तर नोंदवायचा म्हटले, तर एका सेकंदाला १२४ कोटींहून अधिक बिट लागतील. एवढा पसारा साठवणे परवडत नाही, म्हणून तो विशिष्ट संकेतपद्धतीने, म्हणजे कोडेकने, आवळून बांधतात. व्हीसीडीच्या काळात एमपेग-१ ही पद्धत होती, डीव्हीडीवर एमपेग-२ आली. २००३ मध्ये एच. २६४, २०१३ मध्ये एच. २६५ आणि २०१८ मध्ये एव्ही १ या पद्धती प्रसिद्ध झाल्या. आजोबांच्या नाटकाचे चित्रण एच. २६४ पद्धतीचे होते आणि सेकंदाला सरासरी १ कोटी ७० लाख बिट, म्हणजे १७ मेगाबिट, इतके त्याचे वजन होते.

अशी फाइल पडद्यापर्यंत पोहोचवण्याचे तीन मार्ग असतात. पहिला सरळ. टीव्हीला फाइल जशीच्या तशी समजत असेल, तर सर्व्हर ती नुसती हाती देतो. दुसरा मार्ग वेष्टन बदलण्याचा. आतला माल टीव्हीला चालतो, पण बाहेरचे वेष्टन ओळखीचे नसते. तेव्हा बरणीतले लोणचे डब्यात काढावे, तसे सर्व्हर आतल्या चित्राला धक्का न लावता वेष्टन बदलून देतो. यात श्रम थोडे आणि चवीत फरक नाही. तिसरा मार्ग ट्रान्सकोडिंगचा. यात आवळून बांधलेले चित्र चौकट-चौकट उलगडायचे आणि दुसऱ्या रूपात पुन्हा आवळायचे. हे चित्राचे भाषांतरच होय. त्याला श्रम अफाट लागतात, आणि भाषांतरात मूळचे काही ना काही निसटते, तसे प्रत्येक वेळी चित्राचे थोडे तेज जाते. जेलीफिन हे काम एफएफएमपेग या साधनाकडून करून घेतो. फॅब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प जगभरच्या असंख्य सॉफ्टवेअरांचा कणा आहे.

या तिघांपैकी कोणता मार्ग घ्यायचा, हे पाहणारा माणूस ठरवीत नाही. टीव्हीवरचे ॲप सर्व्हरला आपली कुवत कळवते: कोणती वेष्टने, कोणते कोडेक, कोणता ध्वनी, किती वजन आणि कोणत्या प्रकारची सबटायटल मला झेपतील. सर्व्हर ती यादी फाइलशी ताडून पाहतो. एकही कलम जुळले नाही, की तो त्यापुरता बदल करतो, आणि गरज पडली तर सगळेच भाषांतर करायला घेतो. हे सारे तो मुकाट्याने करतो. त्याच्या दृष्टीने तो सौजन्याने वागत असतो. समोरच्याला कळत नाही, तर आपण समजावून द्यावे. मात्र आपली शक्ती त्या कामाला पुरेल का, हा विचार तो करीत नाही.

नाटक चालू असताना नातीने सर्व्हरचा नियंत्रणफलक उघडला. तेथे स्पष्ट लिहिले होते, की चित्राचे ट्रान्सकोडिंग चालू आहे. नोंदवहीत त्याचा वेगही होता: ०.६. म्हणजे एक मिनिटाचे नाटक तयार करायला संगणकाला शंभर सेकंद लागत होते. चित्र का अडखळते, याचे कोडे सुटले. टीव्ही वाट पाहत होता आणि बिचारा संगणक धावत होता. आता प्रश्न एवढाच उरला, की भाषांतराची गरज मुळात का पडावी? फलकावर त्याची दोन कारणे दिलेली होती. फाइलचे वजन मर्यादेपेक्षा अधिक आहे आणि सबटायटलचा प्रकार चालत नाही.

नातीने वही काढली आणि एक नियम केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा आणि लिहून ठेवायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही, हे वैद्यकीत खरे आहे आणि यंत्रांच्या बाबतीतही.

पहिले कारण तिचे तिलाच सापडले. घरातले वाय-फाय कमकुवत होते, तेव्हा तिनेच टीव्हीवरच्या ॲपमध्ये ८ मेगाबिटची मर्यादा घातली होती आणि नंतर ती विसरून गेली होती. घरातले चित्रपट या मर्यादेच्या आत बसत होते, म्हणून ते सुरळीत चालत. नाटक १७ मेगाबिटचे. ते मर्यादेत बसवण्यासाठी सर्व्हर ते नव्याने आवळू पाहत होता. परिस्थिती बदलली तरी जुना नियम तसाच राहावा आणि त्याचा जाच भलत्यालाच व्हावा, असे घराघरांत घडते. तिने मर्यादा काढून टाकली. फलकावरचे एक कारण नाहीसे झाले. पण पंख्याची घरघर चालूच राहिली.

उरलेले कारण तपासण्यासाठी तिने सबटायटल बंद केली. तत्क्षणी पंखा शांत झाला. चित्र स्वच्छ, वाहते. आजोबांचा हात वर गेला आणि खाली आला. मुलगा उठून उभा राहिला. “सुटला की प्रश्न! बंदच ठेव ती सबटायटल.”

तंत्राच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर होते. खोलीतल्या चार जणांचा प्रश्न खरोखरच सुटला होता. पाचव्या व्यक्तीसमोर मात्र एक मूकपट चालू होता. आजी पडद्याकडे पाहत होत्या, आणि इतरांच्या चेहऱ्यांवरून काय चालले आहे याचा अंदाज घेत होत्या. नातीने वहीत लिहिले: “कारण सापडले. उपाय नाही.”

सबटायटलचेही मुख्यत्वे दोन प्रकार असतात. एकात नुसता मजकूर असतो: अनुक्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, व ओळ. टीव्ही चित्र वेगळे घेतो, मजकूर वेगळा घेतो आणि स्वतःच्या अक्षरांत तो चित्रावर मांडतो. एसआरटी ही फाइल अशी असते. दुसऱ्या प्रकारात मजकुराचे रूपही सांगितलेले असते, जसे रंग, अक्षरांचे वळण, पडद्यावरची जागा. किंवा डीव्हीडीप्रमाणे ओळींची चक्क चित्रेच असतात. हे रूप ज्या ॲपला उमगत नाही, त्याच्यासाठी सर्व्हरसमोर एकच वाट उरते. प्रत्येक चौकट उलगडायची, तीवर ती ओळ रंगवायची आणि चौकट पुन्हा आवळायची. दोन शब्दांच्या ओळीसाठी सेकंदाला पाच कोटींहून अधिक ठिपक्यांची उलथापालथ! नातीने आजींसाठी मायेने दिलेले पिवळे, हिरवे, निळे रंगच त्या जुन्या संगणकाच्या जिवावर उठले होते.

तिच्यासमोर तीन पर्याय होते. नवा, ताकदवान संगणक घेणे हा पहिला. त्याला पैसे हवे होते. दुसरा असा, की संगणकाने रात्रभर खपून रंगीत ओळी चित्रात कायमच्या छापून टाकाव्यात. मग रोजचे भाषांतर टळेल. पण छापलेली ओळ पुसता येत नाही, आणि तीन आठवड्यांच्या टंकलेखनात चूक राहिलीच नसेल, याची खात्री कोण देणार? तिसरा पर्याय सर्वांत साधा. रंग सोडून द्यायचे आणि नुसता मजकूर ठेवायचा. तिला ते जड गेले. रंगांवर तिने फार कष्ट घेतले होते. पण कष्ट तिचे होते आणि नाटक आजींचे. तिने सारे संवाद साध्या मजकुरात उतरवले, फाइल युनिकोडमध्ये जतन केली, आणि रंगाऐवजी प्रत्येक ओळीच्या आधी पात्र लिहिले: वकील, सून, नोकर. नाटकाच्या पुस्तकात असते तसेच.

दुसऱ्या दिवशी समई लागल्यावर तिने नाटक लावले. फलकावर चित्राचे ट्रान्सकोडिंग नव्हते. पंखा जणू नव्हताच. पडद्याखाली देवनागरी ओळी एकामागून एक उमटू लागल्या. आजी पुढे सरसावून बसल्या. त्यांचे ओठ हलू लागले. जो शब्द आजोबा बोलणार, तो क्षणभर आधी त्यांच्या ओठांवर येत होता; विंगेतली जुनी सवय.

यंत्र बिघडले, असे म्हटले की माणसाचा शोध पुष्कळदा तेथेच संपतो. या घरातले यंत्र बिघडलेच नव्हते. ते जे मागितले नव्हते ते देत होते, कारण कुठेतरी कोणाची तरी अडचण त्याला दिसत होती. ती अडचण कोणती, हे विचारल्यावाचून केलेला प्रत्येक उपाय, मग ती महाग योजना असो वा नवी तार, वाया गेला. आणि विचारल्यावरही एक धोका उरलाच होता. अडचण दूर करण्याऐवजी अडचणीचे कारण असलेल्या माणसालाच दूर ठेवण्याचा. सबटायटल बंद करणे हा तसा उपाय होता. घरातल्या वृद्धांच्या बाबतीत, कमी ऐकू येणाऱ्यांच्या बाबतीत, उशिरा शिकू लागलेल्यांच्या बाबतीतही असे उपाय सहज सुचतात, कारण ते इतर साऱ्यांच्या सोयीचे असतात. मात्र ज्या गरजेसाठी खटाटोप आरंभला, तीच गरज बाजूला सारून मिळालेले यश हे यश नव्हे.

दुसऱ्या अंकात एके ठिकाणी आजींनी हात वर केला. “थांबव गं. हे वाक्य ह्यांनी म्हटलंच नाही.”

“आजी, पुस्तकात तसंच आहे,” नात म्हणाली.

“पुस्तकात असेल. त्या रात्री नोकराचं काम करणारा वेळेवर आला नाही. वहीत पुढे काही नाही, मी काय सांगणार? ह्यांनीच वेळ मारून नेली. म्हणाले, जरा ऊन उतरू दे, मग येईल तो. लोक हसले होते.”

नातीने चित्रण मागे नेले, कानांना हेडफोन लावला आणि पुन्हा ऐकले. आजोबांचा आवाज स्पष्ट होता. जरा ऊन उतरू दे, मग येईल तो. पाठोपाठ प्रेक्षकांतला हशा. संवाद टंकताना तिची नजर पुस्तकावर होती. तिने हे ऐकलेच नव्हते.

तिने फाइल उघडली, छापील वाक्य खोडले आणि त्या जागी आजोबांचे वाक्य लिहिले. दोन मिनिटांचे काम. चित्राला हातही लावावा लागला नाही. मग तिने नाटक त्याच जागेपासून पुन्हा सुरू केले. ओळ उमटली, आणि या वेळी आजी सर्वांच्या आधी हसल्या.